ट्रॉलीवरच्या मशीनला दोन सप्लाय आणि एक रॉड: मेसेजमधला घोळ

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागातल्या वायरमन मंडळींच्या मोबाइलवर फिरणाऱ्या मेसेजचा मतलब असा: ‘ट्रॉलीवरच्या मशीनला मोटरसाठी थ्री फेज आणि कंट्रोलसाठी वेगळा सिंगल फेज असेल, तर दोन अर्थ (अर्थिंगच्या वायरी) एकत्र करू नका. कंट्रोलचा एकच घ्या आणि मशीनपाशी जमिनीत अर्थिंगचा रॉड ठोका. डीजीवर (डिझेल जनरेटरवर) चालवताना मशीनमध्येच न्यूट्रल बॉडीला जोडा. चाकं रबरी असतील तर यातलं काहीच नको.’

आधी रॉड. इथे काळ्या मातीखाली मुरूम, मग बेसॉल्ट. मे महिन्यात माती भेगाळली की रॉडची पकडही जाते. तरी रॉडचे 10 ओहम धरू, ट्रान्सफॉर्मरच्या अर्थचे 2. फेज बॉडीला लागला तर 230 भागिले 12, म्हणजे जेमतेम 19 अँपिअर. 32 अँपिअरचा सी-कर्व्ह प्रकारचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच) झटक्यात पडायला 160 ते 320 लागतात. तो हलणारही नाही, आणि बॉडीवर सुमारे 190 व्होल्ट उभे राहतील. आता 4 चौरस मिमी तांब्याची 25 मीटर केबल घ्या: फेज आणि अर्थ मिळून पाव ओहम. मागच्या सप्लायचा आणखी पाव धरला तरी 460 अँपिअर, म्हणजे एमसीबी झटक्यात पडणार. हा हिशोब स्वतःचा ट्रान्सफॉर्मर असलेल्या कारखान्याचा. महावितरणच्या एलटी (कमी दाबाच्या) लाइनवर जिथे फॉल्टचा करंट जमिनीतूनच परततो, तिथे आरसीसीबीला (करंटची गळती झाली की सप्लाय तोडणाऱ्या स्विचला) पर्याय नाही.

‘एकच अर्थ’ हा सल्ला जास्त घातक. कंट्रोलचा प्लग काढला आणि मोटर चालूच राहिली, तर बॉडी अर्थविना. प्लग लावलेला असला तरी मोटरचा फॉल्ट करंट कंट्रोलच्या 1.5 चौरस मिमीच्या बारीक वायरीतून जाणार. म्हणून प्रत्येक केबलने आपला अर्थ आणायचा, जाडी 16 चौरस मिमीपर्यंत फेजइतकीच, आणि सगळे बॉडीवरच्या एकाच पट्टीला, पण वेगवेगळ्या बोल्टला. ड्राइव्हच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या युनिटच्या) फिल्टरमुळे गळती 10 मिलिअँपिअरच्या वर जात असेल, तर अर्थ किमान 10 चौरस मिमी तांब्याचा हवा. कंट्रोलला 24 व्होल्ट देणाऱ्या एसएमपीएसची (पॉवर सप्लायची) झिरो व्होल्टची वायरही एकाच जागी पट्टीला जोडा. ती तरंगती, म्हणजे अर्थला न जोडता ठेवली तर पहिला अर्थ फॉल्ट कळतच नाही, आणि दुसरा स्टॉप बटणाला वळसा घालून कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा स्विच) ओढू शकतो, म्हणजे मोटर चालू होऊ शकते.

न्यूट्रल-अर्थ जोड डीजीपाशीच, आणि चेंजओव्हर (मेन्स-डीजी बदलणारा स्विच) चार पोलचा, म्हणजे न्यूट्रलही तोडणारा. मशीनमध्ये जोडलात तर मेन्सवर न्यूट्रलचा करंट बॉडीतून वाहतो, आरसीसीबी सारखा पडतो, आणि मग कोणीतरी आरसीसीबीच काढून टाकतं!

रबरी चाकांचं उत्तर सोपं: मशीनला हात लावणारा रबरावर उभा नसतो.

तपासताना दोन्ही प्लग काढा. लावलेले ठेवले तर एका केबलचा तुटलेला अर्थ दुसरीच्या अर्थमुळे झाकला जातो. मग एकेका प्लगच्या अर्थ पिनपासून बॉडीपर्यंत लो-ओहम मीटरने मोजा. वर धरलेल्या 25 मीटरच्या केबलला 0.12 ओहमच्या आसपास यायला हवं. एकच्या घरात आलं, तर लग (वायरीच्या टोकाची बोल्टला लावायची कडी) सैल आहे किंवा प्लगपाशी तारा तुटल्या आहेत.