आमच्या घरात कोण कोणावर गेलंय

आमच्या घराण्यात बाळ जन्मलं की तासाभरात त्याची वाटणी होते. नाक आजोबांचं, कपाळ आत्याचं, आणि रडका स्वभाव सुनेच्या माहेरचा. त्यामुळे आमच्या गॅलरीतल्या झेब्रा फिंच पक्ष्यांच्या मडक्यात पिल्लं निघाली, तेव्हा आई चष्मा पुसून पुढे सरसावली यात नवल नव्हतं.

लेकीला काहीतरी पाळायचं होतं. कुत्रा सोसायटीला नको, मांजर आईला नको. आपली लाल मुनिया मला आवडते, पण तिला पिंजऱ्यात ठेवणं 1972च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा. झेब्रा फिंच मूळचे ऑस्ट्रेलियाचे, म्हणून त्यांच्यावर एकमत झालं. बाजारातून एक राखाडी नर आणला. लाल चोच, गालावर नारिंगी डाग, छातीवर झेब्र्याचे पट्टे. सोबत मादी फॉन, म्हणजे चहात दूध जरा जास्त पडल्यावर येतो तो रंग. "सगळी पिल्लं फॉनच निघतील, साहेब," विक्रेत्याने सांगितलं. त्याच भरवशावर मी शेजारच्या काकूंना नातवासाठी एक फॉन जोडी कबूल करून बसलो. काकूंची अट एकच. "भाऊ-बहीण नको हं. आमच्याकडे हे चालत नाही."

राळे, समुद्रफेस, घरट्याला काथ्या, सगळी बडदास्त ठेवली. पाच अंडी आली, नर-मादी पाळीपाळीने बसली, तेराव्या दिवशी पहिलं पिल्लू निघालं. एक अंडं वाया गेलं. तीनेक आठवड्यांनी चौघं काळ्या चोची घेऊन मडक्याबाहेर आली आणि चारही राखाडी!

"सगळी बापावर गेली," आईने निकाल दिला.

"कष्ट आईचे आणि नाव बापाचं," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. हे पक्ष्यांबद्दल नव्हतं, एवढं मला कळतं.

लेक नववीत. तिच्या विज्ञानात नुकताच वाटाण्यांवरून आनुवंशिकतेचे नियम शोधणारा मेंडेल होऊन गेलेला, त्यामुळे ती वहीच घेऊन आली. तिचं म्हणणं असं की फॉन रंगाचा जनुक झेड नावाच्या गुणसूत्रावर असतो. नराकडे झेड दोन, मादीकडे एकच, आणि जोडीला डब्ल्यू. फॉन हा भिडस्त रंग, शेजारी राखाडी झेड असला की गप्प बसतो. मुलग्यांना आईचा फॉन मिळतो पण तो आत दबलेला. अशा नराला पाळणारे लोक स्प्लिट म्हणतात. मुलीला मात्र तिचा एकुलता एक झेड वडिलांकडूनच येतो. म्हणजे फॉन आई आपला हा रंग लेकीला देऊच शकत नाही.

"आणि मुलगा की मुलगी, हे कोणामुळे ठरतं?" आईने विचारलं.

"पक्ष्यांमध्ये आईमुळे, आजी. माणसांच्या उलटं."

खोलीत शांतता पसरली. आईला पाठोपाठ तीन मुली झाल्या, मग मी. तिने सासूचे टोमणे वर्षानुवर्षं ऐकले आणि मुलगा-मुलगी पुरुषामुळे ठरते हे जेव्हा तिला कळलं, तेव्हापासून प्रत्येक बारशाला ती ते मोठ्याने सांगत आली आहे. तिने पिंजऱ्याकडे नीट पाहिलं. "म्हणजे माझ्या सासूबाई पाखरांच्या बाबतीत बरोबर होत्या," ती म्हणाली आणि जप करायला निघून गेली.

लेकीने तोडगा काढला, जोडी उलटी करायची. फॉन नर आणि राखाडी मादी घेतली की मुली सगळ्या फॉन, मुलगे सगळे राखाडी. चोच लाल व्हायच्या आत, नुसत्या पिसांवरून मुलगा-मुलगी ओळखता येणार! मी दुसरी जोडी आणली आणि हवा खेळती राहावी म्हणून एक मोठा पिंजरा घेऊन दोन्ही जोड्यांना एकत्र ठेवलं. त्या हवेची किंमत पुढे कळली.

नव्या मडक्यात तीन राखाडी आणि दोन फॉन पिल्लं निघाली. मी जिन्यात भेटेल त्याला सांगू लागलो, फॉन त्या मुली. माझा भाव एवढा वाढला, की दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी पत्रिका दाखवू का, असं विचारलं.

दोन महिन्यांनी त्यांतल्या एका 'मुली'च्या गालावर नारिंगी डाग उमटला. छातीवर पट्टे आले. आणि एका सकाळी ती जत्रेतल्या पिपाणीसारखं गाऊ लागली. मादी गात नाही.

लेक वही घेऊन बसली. मुलगा फॉन, म्हणजे दोन्ही झेड फॉन. त्यातला एक आईचा, आणि राखाडी आईकडे तो नाहीच. "बाबा, याची आई ही नव्हेच. जुन्या फॉन मादीने यांच्या मडक्यात अंडं टाकलंय."

"आणि बाप?"

"बहुतेक नवा फॉन नर. जुना राखाडी नर स्प्लिट असता, तर पहिल्या चारांत एखादं तरी फॉन यायला हवं होतं. पण चारही राखाडी यायची शक्यता सोळात एक उरतेच. संशयाचा फायदा द्यावा लागेल."

मेंडेलने वाटाणे का निवडले ते मला त्या दिवशी कळलं. वाटाणा बंद फुलात आपल्याआपणच फळतो. रात्री शेजारच्या कुंडीत जात नाही.

संध्याकाळी काकू छोटा पिंजरा घेऊन आल्या. सख्खं कोण, सावत्र कोण, हे मी त्यांना कागदावर बाण काढून समजावलं. तिसऱ्या बाणाला त्यांनी पदर तोंडाला लावला. "अहो, मुलांसमोर काय सांगता!" म्हणाल्या आणि रिकामा पिंजरा घेऊन परत गेल्या.

आतमध्ये तो फॉन पोरगा राळ्याच्या वाटीत मधोमध उभा राहून आठ-दहा जणांना हाकलत होता. स्वतः खात नव्हता, दुसऱ्यालाही खाऊ देत नव्हता. आईने चष्मा लावला, त्याला बराच वेळ न्याहाळलं.

"उगाच वह्या भरताय," ती म्हणाली. "हा माझ्या सासूबाईंवर गेलाय."