काका, बँकेतलं लेजर तुम्ही बाहेरच्याला दाखवलं असतंत का?

काका (प्रतिक्रियेत तुम्ही 'रिटायर्ड बँकवाला' लिहिलंय म्हणून हक्काने काका म्हणतेय), कुकीज, म्हणजे वेबसाईट आपल्या ब्राउझरमध्ये ठेवून देते त्या छोट्या नोंदी, त्यांच्यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही चांगलंच झापलंत. कुकी म्हणजे साधी टेक्स्ट फाईल, लोकांना उगाच घाबरवू नका, ज्याला लपवण्यासारखं काही नाही त्याने साईटने कुकीजची परवानगी मागितली की अ‍ॅक्सेप्ट दाबावं आणि पुढे जावं, आणि वर तुमच्या मुलाने दाखवलं की माझ्याच पानावर कुकीज पडतायत. हा शेवटचा मुद्दा मला लागला, म्हणून आधी तोच घेते.

तुमचा मुलगा बरोबर आहे. मी लॅपटॉपवर एफ-१२ दाबून माझं पान उघडलं आणि कुकीजची यादी बघितली, तर त्यात जीए नावाची एक बसलेली, मुदत वर्षभराच्याही पुढची. ती वाचक मोजायच्या कोडची. नाव माझ्या साईटचं असतं पण मोजणी सगळी गूगलकडे जाते. आणि एका लेखात मध्येच यूट्यूबचा व्हिडिओ लावला होता, त्याच्या आणखी वेगळ्या. काल रात्री दोन्ही काढून टाकलं, व्हिडिओच्या जागी साधी लिंक दिलीय. किती जणांनी वाचलं हे आता मला कळणार नाही, चालेल. हे लेख लिहायच्या आधी तपासायला हवं होतं, तुमची आणि बाकीच्यांचीही मनापासून माफी मागते.

आता टेक्स्ट फाईलचं. तेही खरंय, कुकी म्हणजे व्हायरस नाही, ती स्वतः काहीच करत नाही. पण तुमच्या काळात पैसे काढायला स्लिप दिली की काउंटरवरून पितळी टोकन मिळायचं ना, ते डोळ्यासमोर आणा. कॅशियर नंबर पुकारणार, तुम्ही टोकन देणार, पैसे घेणार, विषय संपला. १९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीच्या लू मॉन्टुलीने कुकी शोधून काढली ती याच कामासाठी, कारण वेबसाईटला लक्षातच राहत नाही की मघाशी आलेला माणूस हाच, दर क्लिकला तुम्ही तिच्यासाठी नवे गिऱ्हाईक, मग खरेदीची पिशवी कुणाची हे कळणार कसं. अशा टोकनला माझा कधीच विरोध नव्हता, ते नसेल तर लॉगिनसुद्धा टिकणार नाही.

माझी तक्रार आहे ती बाहेरच्यांच्या टोकनबद्दल. औषधांच्या साईटवर कोपऱ्यात जी जाहिरात दिसते ती बऱ्याचदा त्या साईटकडून येतच नाही, जाहिरात कंपनीच्या सर्व्हरवरून येते आणि येताना आपलं टोकन तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवून जाते. मग तुम्ही उकडीच्या मोदकाची रेसिपी वाचायला जाता, तिथेही त्याच कंपनीची जाहिरात, पुढे कर्जाचे व्याजदर बघता, तिथेही तीच, आणि अडवलं नसेल तर ब्राउझर प्रत्येक ठिकाणी तोच नंबर काढून दाखवतो. टोकनावर नुसता आकडाच असतो हो, पण त्या आकड्यासमोर तिकडे लेजर लिहिलं जातं. औषध, मोदक, कर्ज, रात्री किती वाजता, कुठल्या गावातून. खातेनंबर हाही नुसता आकडाच असतो हे मी तुम्हाला काय सांगणार.

आणि म्हणूनच 'लपवण्यासारखं काही नाही' हे वाक्य तुमच्याकडून वाचून जास्त वाईट वाटलं. तुम्ही नोकरीला लागताना गुप्ततेच्या डिक्लरेशनवर सही केली असेल. समोरच्या दुकानदाराने विचारलं की अमक्याच्या खात्यात किती आहेत हो, तर तुम्ही सांगितलं असतंत का? त्या अमक्याने काही चोरी केलेली नसते, तरी नसतं सांगितलंत.

माझ्या मावशीचं सांगते. तिच्या घरी पाच माणसांत एक टॅब. गेल्या वर्षी तिला छातीत गाठ लागली, कुणाला न सांगता रात्री एका आरोग्याच्या साईटवर तिने चार-पाच लेख वाचले. तिसऱ्या दिवशी जेवायच्या वेळी नातू टॅबवर क्रिकेटचा स्कोअर बघत होता आणि सगळ्यांसमोर विचारता झाला, आजी, मॅमोग्राफी म्हणजे काय गं, इथे सारखं येतंय. मॅमोग्राफी म्हणजे छातीतल्या गाठीसाठीची तपासणी, तिची जाहिरात त्या टोकनामागोमाग आली होती. मावशीच्या यजमानांच्या हातातला घास तसाच राहिला. गाठ साधी निघाली, देवाची कृपा. पण मावशी मला म्हणाली, मी सांगणारच होते गं, डॉक्टरकडे जाऊन आल्यावर सांगणार होते. कधी सांगायचं ते तिचं तिला ठरवायचं होतं, तेवढं पण तिच्या हातात राहिलं नाही.

अ‍ॅक्सेप्ट दाबून पुढे जा म्हणता, तर ते बटण तसं मोठं आणि ठळक मुद्दामच केलेलं असतं. फ्रान्सच्या डेटा संरक्षण संस्थेने जानेवारी २०२२ मध्ये गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोचा दंड जाहीर केला तो यावरच, 'हो' म्हणायला एक क्लिक आणि 'नाही' म्हणायला अनेक. आपल्याकडे २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निकाल दिला, आणि त्या खटल्यातले अर्जदार पुट्टस्वामी हे ऐंशी ओलांडलेले रिटायर्ड न्यायमूर्ती होते, तुमच्याहूनही मोठे असतील. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात कुकी हा शब्द कुठेच नाही, पण संमती मोकळेपणाने आणि समजून दिलेली हवी असं स्पष्ट आहे, आणि माझ्या मते त्यातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे संमतीआधीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या भाषांमध्ये वाचायची सोय द्यावी लागणार, म्हणजे मराठीतसुद्धा. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य जबाबदाऱ्यांना १८ महिन्यांची मुदत आहे. मावशीला 'आम्ही तुमची माहिती या या कंपन्यांना देणार' असं मराठीत वाचायला मिळालं असतं तर तिने हो म्हटलं नसतं, याची मला खात्री आहे.

तोवर काय करायचं? आयफोनवरची सफारी बाहेरच्यांच्या कुकीज २०२० पासून आपोआप अडवते. फायरफॉक्समध्ये २०२२ पासून प्रत्येक साईटचा डबाच वेगळा, एकाचं टोकन दुसरीकडे चालत नाही. क्रोमने २०२० मध्ये या कुकीज बंद करू म्हणून सांगितलं, पुढे ढकलत ढकलत २०२४ मध्ये तो बेतच सोडला, त्यामुळे तिथे आपल्यालाच सेटिंग्जमध्ये जाऊन थर्ड पार्टी, म्हणजे बाहेरच्यांच्या, कुकीज ब्लॉक कराव्या लागतात. दोन मिनिटांचं काम आहे. मावशीच्या टॅबवर मी केलंय, आणि घरातल्या प्रत्येकाचं वेगळं प्रोफाईलही काढून दिलंय.

तुमच्या मुलाला माझं पान परत एकदा तपासायला सांगा. अजून काही सापडलं तर इथेच खाली लिहा, मी तेही काढते.