वेळ कुणाच्या सोयीची?

फुटबॉल सामन्याची वेळ टीव्हीवाले ठरवतात आणि मैदानातला प्रेक्षक भरडला जातो, हा तुमच्या लेखाचा सूर पटला. पण अर्धाच.

आम्हा बेळगावकरांना जवळचं मोठं मैदान म्हणजे मडगावचं फातोर्डा. आयएसएलचा (इंडियन सुपर लीग, आपल्याकडची फुटबॉल स्पर्धा) सामना साडेसातला सुरू, संपेपर्यंत साडेनऊ. मग पार्किंगमधली कोंडी, अन् खानापूरकडे यायला अनमोडचा अंधारा घाट. चोर्ला घाट धरला तर धुकं. सोबतचा एखादा तरी ऐंशीव्या मिनिटालाच उठून "चला की आता" सुरू करतो! पाचचा सामना असला की जेवणाच्या सुमारास घरी, पण ती वेळ बहुधा दोन सामने असलेल्या दिवशीच मिळते.

आता दुसरी बाजू. इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच थेट फुटबॉल दाखवायला बंदी आहे, लोकांनी मैदानात जावं म्हणून. तेच तीनचे सामने आम्ही खानापूर-निपाणीत बसून टीव्हीवर साडेसातला बघतो (हिवाळ्यात साडेआठला). 2017 च्या डिसेंबरात रिअल माद्रिद-बार्सिलोना सामना स्पेनमध्ये भर दुपारी एकला ठेवला, आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच. माद्रिदच्या माणसाचं जेवण चुकलं असेल, आमची चंगळ झाली. तेव्हा टीव्हीला सरसकट शिव्या घालायला जीभ रेटत नाही.

मागणी एवढीच: इतर दिवशी वेळ साडेसातच ठेवा, पण रविवारी तरी पाचला खेळवा. सोमवारी सकाळी कामावर जायचं असतं हो.