बोट लागली

"काही करायचं नाही. बोटीत बसायचं, बेटं बघायची. एकदम निवांत," असं आमचा बँकवाला म्हणाला तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. याच इसमाने 'निवांत' म्हणत आम्हाला हरिश्चंद्रगडावर नेलं होतं. पण थायलंडमधलं क्राबी, पाच जुने मित्र, बायका बरोबर नाहीत. मी लगेच पैसे पाठवले.

आओ नांगला आम्ही बोटीत चढलो तिथे धक्काबिक्का नव्हता. चपला हातात घेऊन मांडीभर पाण्यातून चालायचं आणि डुलणाऱ्या लाँगटेल बोटीला टांगलेल्या शिडीने वर जायचं. मी पाय टाकला की शिडी पुढे, मी पुढे झालो की शिडी मागे. तिसऱ्या खेपेला बोटीच्या टोकाला बांधलेली रंगीत फडकी आणि हार हाताला लागले. ते धरून मी वर आलो आणि टोकावरच बैठक मारली. बोटवाल्याचा चेहरा काळवंडला. त्या टोकात 'मे या नांग' ही बोटीची राखणदार देवी असते, असं गाइडने हळूच सांगितलं. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देणाऱ्या मुलखातला मी, थेट देवीच्या डोक्यावर! उठून कान पकडले. तेव्हा पाहिलं, मुठीत तीन फुलं राहिली होती.

लाँगटेल म्हणजे मागे मोटारीचं इंजिन, त्याला लांबच लांब दांडा आणि दांड्याच्या टोकाला पंखा. आवाज पिठाच्या गिरणीचा. गप्पा मारायला आलेले आम्ही खाणाखुणा करत बसलो. आमच्यातल्या डॉक्टरने सगळ्यांना गोळ्या वाटल्या. त्या निघण्याआधी घ्यायच्या असतात, हेही त्यानेच सांगितलं, आम्ही गिळल्यावर. मग एकेक कागदी पिशवी दिली. "मला घाटात एस.टी.सुद्धा लागत नाही," असं ओरडून सांगत बँकवाल्याने आपली परत केली.

पोडा बेट येईपर्यंत त्याने माझीही वापरली होती.

पुढच्या बेटावर कोंबडीच्या मानेसारखा सुळका आहे. म्हणून त्याचं नाव चिकन आयलंड. गाइड उत्साहाने दाखवत होता आणि आम्ही बँकवाल्याचे डोळे झाकत होतो.

पण टप बेटावर आलो तेव्हा भर ओहोटी होती. तिथे पाणी उतरलं की वाळूचा पांढरा पट्टा वर येतो, एका बेटावरून दुसऱ्यावर चक्क चालत जाता येतं. दिवसभरात पहिल्यांदाच पायाखालची जमीन जागेवर होती. कुणी फोटोही काढला नाही, पाचही जण नुसते उभे राहिलो. "इथून हॉटेलपर्यंत चालत नाही का जाता येणार?" बँकवाल्याने विचारलं. गाइड हसला. बँकवाला गंभीरपणे विचारत होता.

फ्रा नांगच्या गुहेत कोळ्यांनी देवीला वाहिलेली लाकडी लिंगं रांगेने उभी आहेत. एरवी यावर आमच्यात तासभर वात्रटपणा चालला असता. त्या दिवशी पाचही जणांनी मुकाट हात जोडले. मी खिशातली ती तीन फुलं तिथे ठेवली.

परतताना आओ नांगलाही पाणी मागे गेलेलं. बोट किनाऱ्यापासून बरीच अलीकडे वाळूत रुतली. "बोट लागली!" मी आनंदाने ओरडलो.

डॉक्टरने सवयीने पिशवी पुढे केली.