‘डेटाबेस उडवा’ म्हणणाऱ्या भाऊंना उत्तर

धुळ्याहून लिहिणाऱ्या भाऊंना,

अ‍ॅडमिनमध्ये (जँगो या पायथॉनच्या वेब फ्रेमवर्कमधल्या, नोंदी सांभाळायच्या तयार पानांवर) ‘सेव्ह’ दाबलं की येणाऱ्या ‘फॉरेन की कन्स्ट्रेंट फेल्ड’ (एका टेबलातली ओळ दुसऱ्या टेबलातल्या ज्या ओळीकडे बोट दाखवते ती सापडत नाही) या एररवर मी लेख लिहिला, त्याखाली तुमची प्रतिक्रिया वाचली. बाकीच्यांसाठी ती थोडक्यात देतो: लेख म्हणजे नुसतं गुऱ्हाळ, स्क्रीनशॉट एकही नाही, पोस्टग्रेस डेटाबेसचा पत्ता नाही, आणि ‘ज्याला येत नाही तोच एवढं लिहितो. डेटाबेस उडवा, मायग्रेशनच्या फाइली उडवा, परत मायग्रेट मारा, पाच मिनिटांत काम. इतलं सोपं शे.’ (मायग्रेशन म्हणजे टेबलांतले बदल लिहून ठेवणारी फाइल, मायग्रेट म्हणजे ते बदल डेटाबेसला लावणं.)

आधी बोलण्याच्या पद्धतीबद्दल. मतभेद असायला माझी काहीच हरकत नाही, पण ‘येत नाही’ हे तुम्ही कशावरून ठरवलंत? रावेर-यावलकडच्या केळी व्यापाऱ्यांची आणि भुसावळच्या दुकानदारांची जँगोवरची कामं मी वर्षानुवर्षं सांभाळतोय. तिथं डेटाबेस उडवायचा म्हणजे शेतकऱ्यांच्या पावत्या उडवायच्या. शिवाय हा ब्लॉग जळगाव-नंदुरबारची नुकती कामाला लागलेली पोरं वाचतात. तुमचं वाक्य वाचून त्यातलं एखादं पोरगं प्रश्न विचारायचंच बंद होईल, आणि मला त्याचाच जास्त राग आला.

एक गोष्ट मान्य. प्रोजेक्ट कालच सुरू केलाय आणि आत एकही खरी नोंद नाही, तर खुशाल उडवा. तेवढी ओळ लेखात आता टाकली आहे. स्क्रीनशॉट मात्र टाकणार नाही, कारण एररचा मजकूर कॉपी करून शोधता आला पाहिजे. पोस्टग्रेस ही एरर देताना टेबलाचं नाव स्वतःच सांगतं, म्हणून लेख एसक्यूलाइटवर, एकाच फाइलीत राहणाऱ्या डेटाबेसवर, होता. तो विषय संपला.

आता ‘पाच मिनिटांत काम’ हे वाक्य. लेख नीट वाचला असता तर ही एरर कुठून येते ते तिथंच दिसलं असतं, पुन्हा सांगतो. प्रोजेक्ट सुरू करताना जँगोचा तयार युजर घेतला आणि मायग्रेट केलं. पुढे कोणी म्हणालं, लॉगिन मोबाइल नंबरानं हवं. मग स्वतःचं युजर मॉडेल (युजरच्या टेबलाचं वर्णन करणारा कोड) लिहिलं, सेटिंगमध्ये ‘ऑथ_युजर_मॉडेल’ बदललं, आणि मायग्रेट केल्यावर ‘इनकन्सिस्टंट मायग्रेशन हिस्टरी’ (मायग्रेशन लागण्याचा क्रम जुळत नाही) आलं. यावर इंटरनेटवरचा ठरलेला उपाय म्हणजे इन्स्टॉल्ड अ‍ॅप्समधून अ‍ॅडमिन आणि यूआरएलमधली त्याची ओळ कॉमेंट करा, मायग्रेट करा, मग दोन्ही परत चालू करा. एरर जाते, लॉगिन होतं, सगळ्यांना वाटतं झालं.

झालेलं नसतं. ‘जँगो_अ‍ॅडमिन_लॉग’ हे टेबल पहिल्याच मायग्रेटला बनलेलं असतं आणि त्याची फॉरेन की अजून जुन्या ‘ऑथ_युजर’कडेच बोट दाखवत असते. शेत विकलं तरी सातबाऱ्यावर जुन्या मालकाचं नाव राहावं, तसं. अ‍ॅडमिनमधून काहीही सेव्ह केलं की जँगो या लॉगमध्ये एक ओळ टाकतं. त्या ओळीतला युजर आयडी नव्या टेबलातला असतो, आणि डेटाबेस तो शोधतो जुन्यात. म्हणून तीच पावती शेलमधून (जँगोच्या कमांड लाइनवरून) सेव्ह होते आणि अ‍ॅडमिनमधून होत नाही. शेल लॉग लिहीत नाही.

आणखी एक खोच, जी भल्याभल्यांना चकवते. जुन्या टेबलात पहिला सुपरयुजर, आयडी 1, अजून पडून असतो. नव्या टेबलात मालकाचाही आयडी 1 येतो. त्यामुळे मालक सेव्ह करतो तेव्हा सगळं चालतं. आयडी 2 चा मुनीम सेव्ह करतो आणि एरर येते. मग लोक परमिशन तपासत बसतात, आणि परमिशनचा यात काही संबंध नसतो. एसक्यूलाइटमध्ये जँगो या फॉरेन की ‘डिफर्ड’ ठेवतं, म्हणजे तपासणी कमिटच्या वेळी, बदल कायम होताना, होते. ट्रेसबॅकमध्ये (एरर कुठून आली ते दाखवणाऱ्या यादीत) लॉगची ओळ दिसत नाही आणि पूर्ण ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकत्र होणारे सगळे बदल, मागे फिरतं, म्हणून पावतीही जाते.

तपासायला दोन कमांड पुरतात. ‘डीबीशेल’ (डेटाबेसला थेट कमांड द्यायची जागा) उघडा आणि ‘प्रॅग्मा फॉरेन_की_लिस्ट’च्या कंसात ‘जँगो_अ‍ॅडमिन_लॉग’ लिहून चालवा. तिसऱ्या रकान्यात टेबलाचं नाव येतं. तिथं ‘ऑथ_युजर’ दिसलं की निदान झालं. मग ‘शोमायग्रेशन्स’ चालवून तुमच्या युजर अ‍ॅपचं पहिलं मायग्रेशन लागलंय ना ते बघा.

दुरुस्ती: सर्व्हर थांबवा, एसक्यूलाइटच्या ‘डॉट बॅकअप’नं प्रत काढा. चालू असलेली फाइल नुसती कॉपी करू नका. लिहिणं सुरू असेल तर प्रत अर्धवट निघू शकते. मग ‘मायग्रेट अ‍ॅडमिन झीरो’, आणि लगेच ‘मायग्रेट अ‍ॅडमिन’. पहिल्यानं लॉगचं टेबल जातं, दुसऱ्यानं ते नव्या युजर मॉडेलकडे बोट दाखवत बनतं. जातो तो फक्त अ‍ॅडमिनमधला ‘हिस्टरी’चा तपशील. तोही हवा असेल तर आधी ‘डंपडेटा अ‍ॅडमिन.लॉगएंट्री’ करून ठेवा. पावत्यांना धक्का लागत नाही. भाऊ, पाच मिनिटं हीसुद्धा आहेत.

एवढ्यावर थांबू नका. तुमच्या स्वतःच्या टेबलांत ‘कोणी नोंदवलं’ असा युजरचा रकाना असेल आणि ते टेबल बदलाच्या आधीचं असेल, तर तिथंही हाच घोळ असतो. त्याला झीरो करायचं नाही, आत खरा डेटा आहे. पोस्टग्रेसमध्ये जुनी कन्स्ट्रेंट काढून नवी घालता येते. एसक्यूलाइटमध्ये टेबल नव्यानं बांधून ओळी हलवाव्या लागतात. जुने युजर नव्या टेबलात आणताना आयडी तेच ठेवा, आणि पोस्टग्रेस असेल तर ‘एसक्यूएलसीक्वेन्सरीसेट’नं दिलेली, पुढच्या आयडीचा आकडा नीट लावणारी ओळ चालवा, नाहीतर पुढच्या नव्या युजरला ‘डुप्लिकेट की’ येईल.

आता तुमचा उपाय. उडवल्यावर एरर जाते, हे खरं. कोऱ्या डेटाबेसवर मायग्रेशन योग्य क्रमानं लागतात म्हणून ती जाते. पण तुम्ही हे करता लॅपटॉपवर, आणि सर्व्हरवरचा डेटाबेस तसाच असतो. तिथल्या ‘जँगो_मायग्रेशन्स’ टेबलात ‘0001_इनिशियल’ आधीच लागल्याची नोंद आहे. तुमच्या नव्या, एकत्र झालेल्या फाइलचं नावही तेच. सर्व्हर म्हणतो ‘नो मायग्रेशन्स टू अप्लाय’, आणि या वेळी तुम्ही पावतीत हमालीचं फील्ड टाकलं असेल तर तो रकाना तिथं कधीच बनत नाही. पावत्यांची यादी उघडली की ‘नो सच कॉलम’. मग कोणीतरी ‘फेक’ मारायला सांगतं, आणि गाडी आणखी खोल रुतते. ‘फेक’ फक्त नोंद करतं, टेबलाला हात लावत नाही.

फाइली उडवायची ती प्रसिद्ध ‘फाइंड… डिलीट’ कमांड प्रोजेक्टच्या फोल्डरमधून चालवली आणि व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (जँगो जिथं इन्स्टॉल असतं ती जागा) त्याच फोल्डरात असलं, तर ती जँगोच्या आतल्याही मायग्रेशनच्या फाइली खाते. ‘नो मॉड्यूल नेम्ड जँगो.डीबी.मायग्रेशन्स.मायग्रेशन’ ही एरर बहुतेक वेळा इथूनच येते, आणि जँगो पुन्हा इन्स्टॉल करावं लागतं. आणि हाताने साफ करताना मायग्रेशनच्या फोल्डरातली ‘इनिट’ची फाइल गेली तर ‘मेकमायग्रेशन्स’ (मायग्रेशनची फाइल बनवणारी कमांड) शांतपणे ‘नो चेंजेस डिटेक्टेड’ म्हणतं. हे ‘सोपं’ मी कोणाला शिकवणार नाही, तुम्ही कितीही चिडलात तरी.

मराठीत लिहून उपयोग काय, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. त्याला उत्तर देत नाही.

तुमच्याकडे ही एरर खरंच आली असेल, तर ‘फॉरेन_की_लिस्ट’ आणि ‘शोमायग्रेशन्स’चा आउटपुट इथे खाली टाका. पासवर्ड आणि सीक्रेट की तेवढी काढून टाका. कोणतं टेबल आधी धरायचं ते बघून सांगतो.