टक्का विचारला, पण कशावरचा ते नाही

मटणाच्या दरावरून कृती समिती काढणारं आपलं कोल्हापूर. टोल नको म्हणून वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरलो आणि तो घालवूनच घरी गेलो. गुजरीत मजुरी कमी करून घेतल्याशिवाय आमच्या घरच्या बायका सराफाची पायरी उतरत नाहीत. आणि हीच आपण माणसं शोरूममध्ये फायनान्सवाल्या पोरासमोर बसलो की गरीब गाय! चहा येतो, पेढा येतो, आणि तो बोट ठेवेल तिथं आपण सही ठोकतो.

मीही ठोकली. २०२३ चा दसरा, मुहूर्ताची गाडी. कर्ज एक लाख, हप्ते ३६. "व्याज किती?" "दहाच टक्के, सर. फ्लॅट." फ्लॅट म्हणजे काय ते विचारायची लाज वाटली. हप्ता बसला ३,६११.

फोड केली आत्यानं. राजारामपुरीत वीस बायकांची भिशी चालवते, शाळा सातवीपर्यंत. कॅलेंडरच्या मागं पेन्सिलीनं आकडे मांडले आणि म्हणाली, "व्हय रं, दर महिन्याला मुद्दल परत देतोयस न्हवं? मग व्याज सगळ्या लाखावर कशापायी?"

गोम तिथंच होती. फ्लॅट म्हणजे मुद्दल कितीही फिटलं तरी व्याज सुरुवातीच्या सगळ्या रकमेवर. लाखावर वर्षाला दहा हजार, तीन वर्षांचे तीस हजार. एक लाख तीस हजार भागिले ३६. प्रत्येक हप्त्यात मुद्दल २,७७८ आणि व्याज ८३३, पहिल्यापासून शेवटपर्यंत तेवढंच. म्हणजे शेवटच्या महिन्यात माझ्याकडं त्यांचे राहणार २,७७८ आणि त्यावर एका महिन्याचं व्याज ८३३! सावकार तरी असं तोंडावर सांगेल का? हेच दहा टक्के घटत्या मुद्दलावर, म्हणजे फेडायच्या उरलेल्या रकमेवरच, असते तर हप्ता ३,२२७ च्या आसपास बसला असता. तीन वर्षांत फरक तेरा हजार आठशेच्या घरात. उलटं गणित मांडलं तर माझं 'दहा टक्के' बँकेच्या हिशोबानं जवळजवळ अठरा टक्के निघतं.

पैशाचं ज्ञान देणारे सगळे सांगतात, खर्च लिहा, बाहेरचं खाणं कमी करा. लिहा की, मी पण लिहितो. पण महिन्याला दोन मिसळी सोडून जे वाचेल त्याहून जास्त माझं त्या न विचारलेल्या एका प्रश्नात गेलं. मिसळ मी सोडणार नाही, ते वेगळं.

१ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि फायनान्स कंपन्यांना असं नवीन कर्ज देताना 'की फॅक्ट स्टेटमेंट', म्हणजे कर्जाच्या मुख्य गोष्टींचा कागद, द्यावं लागतं, तेही कर्जदाराला समजेल अशा भाषेत. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्यात 'एपीआर' नावाचा आकडा असतो, प्रोसेसिंग फी वगैरे धरून वर्षाला खरं किती पडतं तो. तो कागद मराठीत मागा. पतसंस्थेला हा नियम नाही, तिथं तोंडानंच विचारायचं: घटत्या मुद्दलावर का फ्लॅट? आणि एकूण किती भरायचे ते कागदावर लिहून घ्यायचं.

परवा चुलतभाऊ गाडी बघायला निघाला होता. सोबत आत्याला पाठवलं. पोरानं "फ्लॅट" म्हटल्याबरोबर तिनं पिशवीतून पेन्सिल काढली म्हणे. पेढा मात्र खाऊन आली.

माझे अजून सात हप्ते आहेत.