भडंगाचं वजन आणि फादरची बदली

माझा धाकटा भाऊ फादर आहे. म्हणजे मोठा मी, पण फादर तो. त्याला साठ वर्षांची माणसं फादर म्हणून हात जोडतात आणि आमची आई व्हिडिओ कॉलवर "ए बाळ्या, केस काप की जरा" म्हणते. कुठं असतो विचारलं की मी सांगतो पापुआ न्यू गिनी, की समोरचा म्हणतो हां हां आफ्रिकेत. सुरुवातीला मी नकाशा उघडून ऑस्ट्रेलियाच्या वरचं बेट दाखवायचो, आता म्हणतो हो, तिकडंच.

तर विषय पार्सलचा. दर दिवाळीच्या आधी आई त्याला खोका पाठवते, म्हणजे ठरवते ती आणि उचलतो मी. कांदा-लसूण मसाला, मेतकूट, हळद, बेदाणे आणि भडंग. आता हळद-बेदाणे सांगलीचे, ते जाणारच, माझं भांडण भडंगाशी आहे. कुरिअरवाला काट्यावर वजन करतो आणि मग खिशातनं टेप काढतो. खोका 40 बाय 40 बाय 30 सेंटिमीटर, गुणाकार 48000, भागिले 5000, झाले 9.6 किलो. काट्यावर साडेचार! मी शाळामास्तर माणूस, गणित मलाच समजावून सांगतोय तो, आणि गणित बरोबर आहे हेच दुःख आहे, कारण भडंग जागा खातं आणि ते लोक जागेचे पैसे घेतात. शिवाय फॉर्मवर आत काय काय आहे ते सगळं इंग्रजीत. मेतकूट इंग्रजीत लिहून बघा एकदा. मी "भाजलेल्या डाळींचं पीठ" अशा अर्थाचं काहीतरी लिहिलं, तर काउंटरवरची पोरगी म्हणाली, "सर, पीठ म्हणजे पावडर ना, मग कसली पावडर?" आणि मागच्या रांगेतली माणसं माझ्याकडं वेगळ्याच नजरेनं बघायला लागली.

एवढं करून खोका निघतो, आणि तोवर बाळ्याची बदली होते.

ह्यांच्या बदलीची पद्धत मला अजून पचलेली नाही. आम्हा झेडपी शिक्षकांची बदली म्हणजे केवढा सोहळा, पोर्टल काय, संवर्ग काय, अवघड क्षेत्राची यादी काय, पती-पत्नी एकत्रीकरणासाठी 30 किलोमीटरचा दाखला काय, अख्खा उन्हाळा त्यात जातो. फादर लोकांना पती-पत्नीचा कॉलमच नाही म्हटल्यावर निम्मा अर्ज तिथंच संपला. त्यांनी दीक्षेच्या वेळी आज्ञापालनाची शपथ घेतलेली असते, त्यामुळं वरिष्ठांचं पत्र आलं की बॅग भरायची. मी एकदा विचारलं, अरे विनंती बदली वगैरे काही? तर हसला. म्हणाला, विचारतात आधी, पण नाही म्हणायला कारण काय देणार?

आधी काही महिने नुसती भाषा शिकला. त्या देशात 800 च्या वर भाषा आहेत, पण टोक पिसिन आली की बऱ्यापैकी निभतं. त्यात "मी" म्हणजे मीच. त्यामुळं तो तिकडच्या माणसाशी "मी हँग्रे" म्हणाला की आई इकडनं ओरडते, "मग जेव की!"

मग गोरोका. गोरोका आपल्या महाबळेश्वरापेक्षा उंच, कॉफीचे मळे, स्वेटर लागतो. आईनं स्वेटर पाठवला. स्वेटर पोचेस्तोवर हा वेवाकला, एकदम समुद्रकाठी, घाम आणि मलेरिया. तिथं सकाळी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, मग जनरेटरशी झटापट, मग शाळेत गणिताचा तास (ते मात्र आमच्या घरातलं), आणि रविवारी चिखल तुडवत लांबच्या वस्त्यांवर. रात्री स्वतःच रताळी उकडायची. आई म्हणते, एवढी रताळी तर आपण एकादशीला पण आणत नाही, आणि आपण तर एकादशी धरत पण नाही.

आईनं मिरजेत नर्स म्हणून जन्म घालवलाय, त्यामुळं तिचा एक कायमचा मुद्दा तयार असतो. "मिशनचे डॉक्टर वानलेस साहेब 1889 ला आले. झाली तर सांगलीहून मिरजेला बदली झाली. 1894 ला दवाखाना उघडला आणि 1928 पर्यंत इथंच. त्यांना कुणी हलवलं का?" बाळ्या म्हणतो, "आई, ते वेगळं मिशन होतं." "वेगळं असूदे, पण डोकं होतं त्यांना." ह्यावर फादर गप्प. आमच्याकडं साडेबारा वाजलेले असतात, त्याच्याकडं संध्याकाळचे पाच, त्याला घंटा वाजवायला जायचं असतं, सुटतो.

गेल्या वेळचा खोका गोरोकाच्या पत्त्यावर गेला. तिकडं पोस्टमन दारात येत नाही, मिशनची पेटी शहरातल्या पोस्टात, कुणी शहरात गेलं की उघडायची. उघडली बाळ्याच्या जागी आलेल्या फादरनी, ते इंडोनेशियाचे. नाव बघितलं, बाळ्याला फोन लावला, बाळ्या म्हणाला विमानानं परत पाठवण्यात अर्थ नाही, खाऊन टाका. त्यांनी मसाला रताळ्यावर घातला, बेदाणे पोरांना वाटले आणि भडंगाच्या रिकाम्या पिशवीचा फोटो आईला पाठवला, खाली टोक पिसिनमध्ये काहीतरी लिहिलेलं. बाळ्यानं अर्थ सांगितला, अजून आहे का विचारतायत.

आई दोन दिवस बाळ्याच्या तोंडचा घास गेला म्हणून चिडचिडली. तिसऱ्या दिवशी चुरमुऱ्यांचं पोतं घरात.

आता दोन खोके आहेत. मी म्हटलं आई, भडंगाऐवजी नुसता मसाला पाठवू, तिकडं चुरमुरे मिळाले तर करतील. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी टेप आणायला गेलो. काल रात्री ती खोक्यात भडंग हातानं दाबून भरत होती, मी म्हटलं चुरा होईल, तर म्हणाली, "चुरा तर चुरा, तुझा तो 5000 चा भागाकार तरी कमी होईल."

आज सकाळी बाळ्याचा मेसेज आलाय. वरनं पत्र आलंय म्हणे. आईला अजून सांगितलेलं नाही, कारण पत्ता मी मार्करनं लिहिलाय.